बरं वाटल्याचा हिशेब

गोव्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी ओपीडीच्या रांगेपाशी थांबून तक्रारी ऐकल्या, तर ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारं माणूस सहसा भेटत नाही. डोकं जड झालंय, झोप लागत नाही, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अंगात त्राणच नाही, असंच सगळे सांगतात. बायका आणखी एक तक्रार आवाज उतरवून सांगतात, अंगावरून पांढरं जातं. डॉक्टरांपुढे अजून साठ-सत्तर माणसं उभी असतात. ते ताकदीची गोळी लिहितात, दुखण्याची लिहितात, कधी झोपेची, कधी अँटिबायोटिक. महिन्याभराने तोच केस पेपर, त्याच तक्रारी घेऊन पुन्हा टेबलावर येतो.

पांढरं जाण्याच्या या तक्रारीचा बार्देश तालुक्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांमध्ये नीट अभ्यास झाला. कुणाला जंतुसंसर्ग आहे, हे तपासण्या करून पाहिलं. कुणाच्या मनावर ताण आहे, घरात मारझोड होते का, पोटापाण्याची ददात आहे का, हेही विचारलं. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त घट्ट निघालं. वर्षानुवर्षं ज्या बायकांना अँटिबायोटिकं दिली जात होती, त्यांतल्या अनेकींचं दुखणं त्या गोळीच्या टप्प्यात येणारंच नव्हतं. शरीराच्या तक्रारीआडून त्या दुसरंच काही सांगत होत्या, आणि ते ऐकायला ओपीडीत कुणाला वेळ नव्हता.

हा अभ्यास ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेशी जोडलेल्या मंडळींचा. १९९६ साली सुरू झालेल्या या संस्थेची वाढ मला फार मोलाची वाटते. तिने मोठी इमारत बांधली किंवा खाटांची संख्या वाढवली म्हणून नव्हे. आपल्या मदतीने किती जणांना खरोखर बरं वाटलं हे तिने मोजलं, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तेव्हाही ते छापलं. मानसिक आरोग्याच्या कामात ही सवय अजूनही विरळाच आहे.

गोष्टीची सुरुवात मात्र गोव्यात होत नाही. ती आफ्रिकेत, झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे होते. मुंबईत वाढलेले, मुंबईतच डॉक्टर झालेले आणि पुढे इंग्लंडमध्ये मानसोपचार शिकलेले विक्रम पटेल १९९३मध्ये तिथे संशोधनासाठी गेले. नैराश्य हे बऱ्याच अंशी पाश्चात्त्य समाजाचं दुखणं असावं आणि आफ्रिकेतल्या माणसांची दुःखं वेगळ्या साच्यात मोडत असावीत, असा त्यांचा तेव्हा कयास होता. हरारेच्या दवाखान्यांत आणि पारंपरिक वैदूंकडे येणाऱ्या रुग्णांशी बोलल्यावर तो कयास टिकला नाही. रुग्ण ‘नैराश्य’ हा शब्द वापरत नव्हते. शोना भाषेत ते ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे फार विचार करत राहण्याचा आजार. पण झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं होणं, ही लक्षणं ओळखीची होती. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच बोलीतून चौदा प्रश्नांची यादी तयार केली. उत्तर फक्त हो किंवा नाही. ही शोना प्रश्नावली पुढे हरारेत एका वेगळ्याच कामाला आली. ते ओघात येईलच.

दोन वर्षांनी ते भारतात परतले ते गोव्यात. तिथे काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संस्था सुरू केली. योगायोग असा, की त्याच १९९६ साली केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू केला. राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर १९८२पासून होता. त्याला जिल्ह्यापर्यंत पोचायला चौदा वर्षं लागली. सरकारी कार्यक्रमाचा कणा जिल्ह्याला एक मानसोपचार तज्ज्ञ नेमणं हा होता. संगाथची वाट वेगळी पडली, कारण तिथल्या मंडळींना एक साधं गणित दिसत होतं. आजही भारतात एक लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मानसोपचार तज्ज्ञ नाही, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक शहरांत आहेत. तज्ज्ञांची वाट पाहायची ठरवलं, तर रांगेतल्या त्या बाईचं आयुष्य त्या वाटेतच संपेल.

गोव्याच्या मातीत या विषयाचं एक जुनं मूळ आहे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ, पायाशी कोसळणाऱ्या बाईवर हात उगारल्यासारखा उभा असलेला पुतळा अनेक पर्यटकांनी पाहिलेला असतो. तो कांदोळीचा आबे फारिया. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करून दाखवणारा हा गोमंतकीय पाद्री सांगत असे, की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कुठलीही चुंबकीय शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. त्या काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता. पणजीच्या आल्तिन्यावरचं जुनं मनोरुग्णालयही त्याच्याच नावाचं होतं. पुढे बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था उभी राहिली. गोव्यात या विषयाचं काहीच नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण जे होतं ते बांबोळीला होतं, आणि काणकोणची किंवा पेडण्याची बाई डोकं जड झालं म्हणून बांबोळीला जात नव्हती. तिथे जाणं म्हणजे वेडा ठरणं, ही धास्ती गोव्यातही होती आणि आपल्याकडच्या येरवडा-ठाण्याच्या मनोरुग्णालयांच्या बाबतीतही आहे.

संगाथने पहिलं काम हाती घेतलं ते मुलांचं. बोलायला उशीर लागणारी, शाळेत मागे पडणारी, स्वमग्न मुलं आणि त्यांचे गांगरलेले आईबाप. असं मूल दाखवायचं कुठे, हाच घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. एका छताखाली बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्राची जाणकार व्यक्ती आणि घरच्यांशी बसून बोलणारं कुणीतरी असावं, एवढी साधी मांडणी होती. मुलांबरोबर आया येत होत्या, आणि आयांच्या डोळ्यांत त्यांचं स्वतःचं दुखणं दिसत होतं. संस्थेचं काम मग मोठ्या माणसांकडेही वळलं.

म्हापशाच्या आझिलो इस्पितळात बाळंतपणासाठी नाव घातलेल्या २७० बायकांचा मागोवा घेतला गेला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांच्यातल्या साधारण २३ टक्के जणींना नैराश्याने ग्रासलेलं होतं, म्हणजे जवळजवळ दर चौघींत एकीला. का, याचा शोध घेतल्यावर जे पुढे आलं ते वाचून आजही गलबलून येतं. नवऱ्याचा मार, घरातली उपासमार आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. घरात मुलगी जन्मली म्हणून आई आजारी पडते, हे आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना ठाऊक असतं. आता ते आकड्यांत मांडलं गेलं आणि २००२मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आलं. या अभ्यासामुळे आणखी एक गोष्ट पक्की झाली. या आजारावरचा कुठलाही उपचार घराच्या उंबरठ्याबाहेर थांबून चालणार नव्हता.

इथून पुढचा टप्पा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो अपयशाचा आहे. गोव्यातल्या सरकारी इस्पितळांच्या साध्या ओपीडीत आलेल्या ४५० रुग्णांना तीन गटांत वाटलं. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नव्हते, चिठ्ठी टाकावी तसं ते ठरत होतं. एका गटाला नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटीन हे औषध, दुसऱ्याला समुपदेशन, तिसऱ्याला दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. दोन महिन्यांनी मोजलं. औषधाचा गट बिनऔषधाच्या गटापेक्षा बरा निघाला. समुपदेशनाचा गट बिनऔषधाच्या गोळीपेक्षा काहीही बरा निघाला नाही.

माणसांशी बोलून त्यांना बरं वाटावं म्हणून उभ्या राहिलेल्या कामाच्या पदरात असा निकाल पडला. २००३मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये जसाच्या तसा छापला गेला. आपल्याकडे कितीतरी उपक्रमांचे अहवाल फोटो, कृतज्ञतेची पत्रं आणि लाभार्थींच्या संख्येवर संपतात. ‘आम्ही इतक्या जणांचं समुपदेशन केलं’ हा आकडा सगळे देतात. ‘त्यातून इतक्यांना गुण आला नाही’ हा आकडा देणारे थोडे. आणि तो दिल्याशिवाय पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे कळतच नाही. गोव्यात ते कळलं. बोलण्याचा उपचार रुग्णाच्या भाषेत, त्याच्या दवाखान्यात, त्याच्या सवडीने आणि औषधाच्या हातात हात घालून द्यायला हवा होता. आणि पहिल्या भेटीनंतर न फिरकणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी जायला हवं होतं.

या धड्यांवर ‘मानस’ हा प्रयोग उभा राहिला. गोव्यातल्या २४ ठिकाणी, त्यांतली बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. निम्म्या ठिकाणी नवी पद्धत, निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार. फक्त कुणाला त्रास आहे याचं निदान दोन्हीकडच्या डॉक्टरांना कळवलेलं. २,७०० हून अधिक रुग्ण. नव्या पद्धतीत केंद्रस्थानी होती आरोग्य समुपदेशक. गावातलीच, पदवीपर्यंत शिकलेली, पण मानसशास्त्र किंवा वैद्यक यांची कुठलीही पार्श्वभूमी नसलेली बाई. तिला दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. तिच्या मागे आरोग्य केंद्राचा डॉक्टर, आणि त्या दोघांच्या मागे अधूनमधून येणारा, एरवी फोनवर असणारा मानसोपचार तज्ज्ञ. तज्ज्ञाचं काम प्रत्येक रुग्ण तपासण्याचं उरलं नाही. शिकवणं, अडलेली केस सोडवणं आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणं, एवढंच त्याच्याकडे राहिलं.

उपचार पायऱ्यापायऱ्यांनी होता. समुपदेशक पहिल्या भेटीत आजाराचं नाव घेत नसे. ‘नैराश्य’, ‘मनोविकार’ हे शब्द टाळून ती ‘टेन्शन’ म्हणत असे, कारण रुग्णही तेच म्हणत होते. टेन्शनमुळे झोप का उडते, अंग का दुखतं, हे ती समजावून सांगायची. श्वास संथ करायला शिकवायची. घरातल्या अडचणीसाठी कुठल्या कार्यालयात जायचं, कुणाला भेटायचं, हेही सांगायची. एवढ्यावर अनेकांचं भागत असे. ज्यांचा त्रास जास्त, त्यांना डॉक्टर गोळ्या सुरू करायचे किंवा समुपदेशक आठवड्याआठवड्याला बसून नातेसंबंधांतल्या गुंत्यावर बोलायची. जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा धोका दिसला, तर थेट तज्ज्ञ.

सहा महिन्यांनी हिशेब केला. सरकारी आरोग्य केंद्रांत, आजाराचं निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी, नव्या पद्धतीत शंभरातले सुमारे ६६ बरे झाले होते. नेहमीच्या उपचारांत सुमारे ४२. हा फरक मोठा आहे. दोन महिने शिकलेल्या एका बाईमुळे शंभरांत आणखी वीस-पंचवीस माणसं उठून कामाला लागतात, असा त्याचा अर्थ. निकाल २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि जगभर जिथे जिथे तज्ज्ञ कमी आहेत तिथे तो वाचला गेला.

खासगी दवाखान्यांत मात्र वेगळंच दिसलं. तिथे नवी पद्धत असो वा नसो, बरे होणाऱ्यांचं प्रमाण सारखंच होतं, शंभरात साधारण ६५. समुपदेशकाच्या असण्याने काहीच भर पडली नाही. मला या आकड्यात फॅमिली डॉक्टर दिसतो. नाव विचारण्याआधी ‘सासूबाईंचं गुडघ्याचं कसंय’ विचारणारा, नवऱ्याचा धंदा बसलाय हे ठाऊक असलेला, एकाच घराला वर्षानुवर्षं पाहणारा माणूस. समुपदेशक जे देत होती त्यातलं बरंच काही तो आधीपासून देत असावा. सरकारी ओपीडीत डॉक्टर बदलत राहतात आणि वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तिथेच ऐकणाऱ्या माणसाची उणीव सर्वांत मोठी होती. आपल्या शहरांतून फॅमिली डॉक्टर झपाट्याने नाहीसा होतो आहे. त्याच्याबरोबर मानसिक आरोग्याची केवढी मोठी, न मोजलेली सेवा जाते आहे, याची चर्चा व्हायला हवी.

‘मानस’नंतर प्रश्न आणखी नेमका झाला. तीव्र नैराश्याचा रुग्णही, गोळीशिवाय, अशा साध्या माणसाच्या बोलण्याने सावरतो का? त्यासाठी मोठ्या उपचारपद्धतींतून नेमकी कुठली गोष्ट उचलायची? संगाथच्या गटाने निवडलेली गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. उदास माणूस हळूहळू कामं सोडत जातो. बाजाराला जाणं सोडतो, मग शेजारी बसणं, मग अंघोळ. काही करत नाही म्हणून काही बरं घडत नाही, आणि काही बरं घडत नाही म्हणून आणखी काही करावंसं वाटत नाही. हे चक्र मनाच्या टोकाकडून तोडायला जावं तर मन साथ देत नाही. म्हणून ते कृतीच्या टोकाकडून तोडायचं. मन लागेल तेव्हा काम करू असं न म्हणता, छोटं काम आधी करायचं, मन मागून येतं.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहू. आरोग्य केंद्रात आलेल्या माणसाला नऊ प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, किती दिवस झोप आली नाही, किती दिवस जगण्यात अर्थ नाही असं वाटलं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. चौदाच्या वर गेलेल्या माणसाला समुपदेशकाकडे पाठवतात. समजा, ती पंचेचाळिशीची बाई आहे. मुलगा बोटीवर नोकरीला, नवरा पितो, परसातल्या भाज्या वाळून गेल्यात. समुपदेशक पहिल्या भेटीत नुसतं ऐकते आणि एक तक्ता समोर ठेवते. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक दिवशी काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं. लिहिता येत नसेल तर चित्रं. दुसऱ्या भेटीत तक्ता बघून दोघी मिळून शोधतात, कुठल्या दिवशी जरा बरं होतं. बुधवारी संध्याकाळी? बुधवारी बहीण आली होती. मग पुढच्या आठवड्यासाठी काम ठरतं ते असं: दर दिवशी तांब्याभर पाणी अळूला घालायचं आणि शनिवारी बहिणीकडे जायचं. ‘आनंदी राहा’, ‘वाईट विचार करू नका’ असलं काही ती सांगत नाही. बाई ठरलेल्या दिवशी आली नाही तर फोन जातो, फोन लागला नाही तर समुपदेशक घरी जाते. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची, आणि संपलं.

यातली खरी मेहनत दिसते ती रुग्ण निघून गेल्यावर. रुग्णाच्या संमतीने भेटीचं ध्वनिमुद्रण केलेलं असतं. ठरलेल्या दिवशी सगळ्या समुपदेशक एकत्र बसतात आणि त्यांच्यातल्याच एकीची टेप लावतात. हातात गुणपत्रिका असते. गेल्या आठवड्याच्या कामाची चौकशी केली का, रुग्णाला मध्येच तोडलं का, स्वतःच उपदेश करत सुटली का, पुढचं काम दोघींनी मिळून ठरवलं की एकटीनेच लादलं. सगळ्या जणी आधी आपापले गुण लिहितात आणि मग बोलतात. सुरुवातीला तज्ज्ञही बसत. नंतर तपासून पाहिलं तर समुपदेशकांनी एकमेकींना दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण पुरेसे जुळत होते. याचा अर्थ गुणवत्ता सांभाळायचं कामही त्यांच्याच हाती सोपवता येतं. समुपदेशनाचे कोर्स आज गल्लोगल्ली निघाले आहेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या माणसाचं बोलणं पुन्हा कधी कुणी ऐकतं का, हा प्रश्न त्या प्रत्येक कोर्सला विचारायला हवा. आपली टेप मैत्रिणींपुढे वाजत असताना गप्प बसून ऐकणं सोपं नाही. त्यासाठी लागणारं धैर्य मला डॉक्टरच्या पदवीपेक्षा कमी वाटत नाही.

गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ही पद्धत पारखली गेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा आजार ओसरला होता. न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के जणांचा. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. आणखी एक गोष्ट दिसली, जी कुणी थेट साधायला गेलं नव्हतं: समुपदेशन घेतलेल्या बायकांनी नवऱ्याच्या मारहाणीचं प्रमाण कमी झाल्याचं सांगितलं. २००३मध्ये ज्या बोलण्याच्या उपचाराची बिनऔषधाच्या गोळीशी बरोबरी झाली होती, त्याच्याच धाकट्या भावंडाने २०१७मध्ये हा निकाल दिला.

त्याच साली दारूवरच्या समुपदेशनाचाही निकाल आला. अतिरेकी पिणाऱ्या ३७७ पुरुषांना फार तर चार भेटी. तीन महिन्यांनी आजाराच्या कक्षेबाहेर आलेले ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६. फरक नैराश्याएवढा मोठा नाही. पण दारूसाठी पुरुष स्वतःहून केंद्रात येत नाहीत, ते खोकल्यासाठी येतात. आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे बाटली स्वस्त आणि हाताशी आहे, तिथे शंभरात दहा घरं वाचणं मला थोडं वाटत नाही.

महाराष्ट्राशी या कामाचा सर्वांत खोल संबंध आला तो विदर्भात. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी अमरावतीचं नाव देशभर झालं होतं. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाने हीच पद्धत नेली. गावातलीच आरोग्य कार्यकर्ती घरोघर जाऊन नैराश्य म्हणजे काय ते सांगायची, माणूस हेरायची, समुपदेशकाकडे पाठवायची. गरज पडली तर तज्ज्ञ. गोव्यात माणूस केंद्रात येण्याची वाट पाहता येत होती. विदर्भात ती पाहता येत नव्हती, कारण फवारणीचं औषध घरातच, हाताशी असतं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोकांनी कुठेतरी मदत घेतली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. कापसाचा भाव, कर्ज, पाऊस यांतलं काहीही समुपदेशकाच्या हातात नव्हतं, आणि त्यांची जागा समुपदेशन घेऊ शकत नाही हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. पण कर्जबाजारी माणसाला उद्याची सकाळ पाहू देणं हेही काम आहे, आणि ते गावातली बाई करू शकते.

फांद्या आणखीही फुटल्या. साताऱ्यात, तामिळनाडूत आणि गोव्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी जाऊन मदत करण्याचा प्रयोग झाला. फायदा झाला, पण माफक, आणि तोही तसाच छापला. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मुलाशी खेळता-बोलता कसं यावं हे शिकवलं गेलं. दोन देशांतली माणसं एकाच वहीतून काम करत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. डिमेन्शिया झालेल्या आजी-आजोबांना सांभाळताना थकलेल्या घरच्यांसाठी वेगळा कार्यक्रम निघाला.

आणि हरारे. चौदा प्रश्नांची ती शोना प्रश्नावली तिथे मागे राहिली होती. २००६च्या सुमारास डिक्सन चिबांडा या झिम्बाब्वेच्या मानसोपचार तज्ज्ञाला एम्बारे या गरीब वस्तीत काम सुरू करायचं होतं. दवाखान्यात खोली मिळाली नाही आणि नर्सना सवड नव्हती. मिळाल्या त्या वस्तीतल्या आज्या, आणि बसायला दवाखान्याबाहेर लाकडी बाक. आज्या प्रश्नावली विचारत, ऐकत, आणि एकेक अडचण हातात घेऊन सोडवायला शिकवत. त्या ‘फ्रेंडशिप बेंच’चीही रीतसर चाचणी झाली, ५७३ रुग्णांवर. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं उरलेले बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के, इतरांत सुमारे ५० टक्के. २०१६मध्ये हा निकाल आला, आणि बाक झिम्बाब्वेबाहेरही पोचलं.

इतका पुरावा हाती असताना आज महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात अशी समुपदेशक का बसलेली नाही? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला. २०२२पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन सुरू आहे, नावात सारखेपणा असला तरी गोव्याच्या प्रयोगापेक्षा ती वेगळी आहे, आणि ती उपयोगी आहे. पण फोनवरचा आवाज आणि शनिवारी घरी येणारी बाई यांत अंतर आहे. संशोधनाचा निधी संपतो तेव्हा समुपदेशकाचा पगारही संपतो. मग सरकारच्या बाजूने सर्वांत सोपं उत्तर पुढे येतं: आशाताईंना हे कामही द्या.

संगाथने त्या दिशेनेही काम केलं आहे. मध्य प्रदेशात आशा कार्यकर्तींना नैराश्यावरचं हेच समुपदेशन मोबाइलवरून शिकवण्याचा कार्यक्रम तयार झाला, कारण लाखो आशांना वर्गात बसवणं शक्य नाही. शिकवण्याचा प्रश्न त्यातून सुटू शकेल. पण आशाताईला आज गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोगाचं सर्वेक्षण आणि दहा नोंदवह्या सांभाळाव्या लागतात. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो, आणि मोबदला वाढावा म्हणून महाराष्ट्रात तिला पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं आहे. तिच्या वेळापत्रकात आठवड्याचे चार-पाच तास मोकळे करणं, त्या तासांचे वेगळे पैसे देणं आणि महिन्यातून दोनदा तिला इतर आशांबरोबर बसवून एकमेकींच्या टेपा ऐकवणं, या तीन गोष्टींची तरतूद अंदाजपत्रकात झाली, तर गोव्यातला प्रयोग तिच्या गावापर्यंत पोचेल. त्यांतली टेपांची तरतूद पहिल्यांदा कापली जाईल, कारण तिच्यातून लाभार्थींची संख्या वाढत नाही. तिच्याचसाठी आरोग्य खात्याशी भांडावं लागणार आहे.